वय तेरा, शरीर अकराचे की पंधराचे?

आठवीच्या वर्गाचा एखादा सामूहिक फोटो नीट पाहावा. मागच्या रांगेत खांदे रुंद झालेली, मिसरूड फुटू लागलेली मुले उभी असतात. पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली काही मुले पाचवीतली वाटावीत इतकी लहानखुरी दिसतात. हजेरीपटावर मात्र त्यांच्या जन्मतारखांत काही महिन्यांचाच फरक असतो. वर्गात या फरकाने फारसे बिघडत नाही. गणित सोडवायला उंची लागत नाही. पण हीच मुले फुटबॉलच्या मैदानावर उतरली की चित्र पालटते. चेंडूकडे दोघे एकाच वेळी धावतात आणि एक जण सहज दोन पावले पुढे जातो. डोक्याने चेंडू मारायला दोघे उडी घेतात आणि एकाच्या कपाळापर्यंत चेंडू येतच नाही. पाहणारे म्हणतात, ‘‘हा पोरगा जन्मजात खेळाडू आहे.’’ खरोखर तसे असते का?

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावसारख्या कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस आले की शारीरिक शिक्षकाला तीस-चाळीस मुलांमधून संघ निवडावा लागतो. आधी तालुका, मग यवतमाळला जिल्हा, पुढे अमरावती विभाग अशी ही चढण आहे. गट ठरतात ते जन्मतारखेवरून : १४, १७ आणि १९ वर्षांखालील. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत जाण्याची संधीही याच वयात येते. त्या निवडीसाठी ८ ते १४ वर्षांच्या मुलांच्या ज्या चाचण्या घेतल्या जात आल्या आहेत, त्यांत उंची व वजनाबरोबर ३० मीटर धाव, उभ्याने लांब उडी, जागेवरून उभी उडी, मेडिसिन बॉल फेकणे, ६ × १० मीटर धावणे, ८०० मीटर धाव आणि पुढे वाकण्याची लवचीकता यांचा समावेश असतो. म्हणजे धाव आणि उडी यांना मोठे महत्त्व आहे. आणि धाव व उडी याच दोन गोष्टींवर शरीर वयात येण्याचा परिणाम फार ठळकपणे होतो. तो कसा होतो, आणि शिक्षकाने त्याचा हिशेब कसा ठेवावा, हे आपण या लेखात पाहू.

वाढीचा आलेख

मुलाच्या उंचीची सलग नोंद ठेवणारा एक प्रसिद्ध पिता अठराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेला. त्याचे नाव माँबेयार. १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची तो साधारण दर सहा महिन्यांनी मोजत राहिला, ते थेट १७७७ सालापर्यंत. निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ याने ही मापे प्रसिद्ध केली. या नोंदींवरून दरवर्षी उंची किती सेंटिमीटरने वाढली याचा आलेख काढला, तर एक मनोरंजक गोष्ट दिसते. पहिल्या वर्षी मूल भराभर वाढते. मग हा वेग उतरत जातो आणि शाळेच्या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर येऊन थांबतो. किशोरवयाच्या तोंडावर तो आणखी थोडा मंदावतो. आणि मग आलेख एकदम वर उसळतो, शिखर गाठतो आणि पुन्हा उतरत शून्यावर येतो. या उसळीला आपण ‘वाढीचा झपाटा’ म्हणू.

मुलग्यांमध्ये झपाट्याचे शिखर सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आसपास येते आणि त्या वेळी उंची वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरने वाढत असते. मुलींमध्ये ते सुमारे दोन वर्षे आधी, बाराव्या वर्षाच्या आसपास येते. म्हणूनच सहावी-सातवीत मुली मुलांपेक्षा उंच दिसतात. पण ही झाली सरासरी. कुणा निरोगी मुलाचे शिखर बाराव्या वर्षी येते, तर कुणा तितक्याच निरोगी मुलाचे सोळाव्या वर्षी. दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. तेराव्या वर्षी यातील पहिला मुलगा झपाट्यातून बाहेर पडत असतो, तर दुसऱ्याचा झपाटा सुरूही झालेला नसतो. जन्मतारीख एकच असली तरी शरीराची घड्याळे चार वर्षांच्या अंतराने चालत असतात.

झपाट्यात शरीराचे सर्व भाग एकदम वाढत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवे. आधी तळपाय आणि पंजे वाढतात. घरची मंडळी म्हणतात, ‘‘आत्ताच तर चप्पल घेतली होती, लगेच तोकडी झाली.’’ मग पाय लांब होतात आणि पँट घोट्याच्या वर जाते. त्यानंतर धड वाढते. वजनाची आणि स्नायूंची मोठी भर सर्वांत शेवटी, उंचीचे शिखर उलटून गेल्यावर काही महिन्यांनी पडते. हा क्रम समजला की मैदानावरची बरीच कोडी उलगडतात.

ढांग लांबली, पाय जडावले

धावण्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो : एक ढांग किती लांब आणि सेकंदाला ढांगा किती. दोघांचा गुणाकार म्हणजे वेग. समजा, एका मुलाची ढांग दीड मीटर आहे आणि तो सेकंदाला चार ढांगा टाकतो. त्याचा वेग झाला सेकंदाला ६ मीटर. आता त्याचे पाय लांब झाले आणि ढांग १.६५ मीटर झाली. ढांगांची गती तीच राहिली असती, तर वेग ६.६ मीटर झाला असता. पण गती तीच राहत नाही.

कारण समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करावा. आपल्याकडे तुराट्यांची वाण नाही. सारख्या जाडीच्या दोन तुराट्या घ्याव्या, एक हातभर आणि दुसरी तिच्या दुप्पट लांब. एकेक तुराटी टोकाशी धरून मनगटाने झटपट इकडून तिकडे हलवावी. लांब तुराटी किती जड जाते ते लगेच कळते. तिचे वजन दुप्पट आहे, पण हलवायला लागणारे श्रम दुपटीहून कितीतरी जास्त वाटतात. भौतिकशास्त्र सांगते की टोकाभोवती फिरणाऱ्या अशा काठीचा फिरण्याला होणारा विरोध लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट लांबी म्हणजे आठपट विरोध. पाय खुब्याशी धरलेल्या काठीसारखा मानला आणि जाडी न वाढता तो फक्त दहा टक्क्यांनी लांब झाला असे धरले, तर १.१ चा घन म्हणजे सुमारे १.३३. विरोध तेहतीस टक्क्यांनी वाढला! पाय हलवणारे स्नायू मात्र अजून पूर्वीइतकेच आहेत, कारण त्यांची भर नंतर पडायची आहे.

परिणाम असा की ढांग लांबते पण ढांगांची गती उतरते. वरच्या उदाहरणात ती सेकंदाला ३.६ झाली, तर वेग होतो ५.९४ मीटर. म्हणजे मुलगा उंच झाला आणि किंचित हळूही झाला! यात नवल नाही. मेंदूला आखूड पायांचा हिशेब पाठ झालेला असतो. तो नव्या लांबीनुसार पुन्हा बसवावा लागतो. या काळात मुले अडखळतात, चेंडूचा अंदाज चुकतो, पाणी देताना हातातला ग्लास सांडतो. ‘‘उंटासारखा वाढला, पण अक्कल नाही,’’ असे आपण बोलून जातो. वास्तविक तो आळशी झालेला नसतो आणि खेळ विसरलेलाही नसतो. त्याचे शरीर नवीन आहे, एवढेच.

पुढे स्नायूंची भर पडली की पायांना पुन्हा गती येते. ढांग १.७५ मीटर आणि सेकंदाला ३.९ ढांगा झाल्या, तर वेग ६.८ मीटरच्या पुढे जातो. वर्षभरापूर्वी अडखळणारा मुलगा आता सर्वांच्या पुढे असतो. वरील आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत, परंतु वाढत्या मुलांच्या धावण्याच्या अभ्यासांत हाच कल आढळतो. झपाट्याच्या आधी मुले मुख्यतः ढांगांच्या गतीवर धावतात, तर झपाट्यानंतर ढांगेच्या लांबीवर.

उडीचे कोडे

उडीबाबत एक जुने कोडे आहे. सतराव्या शतकातील इटालियन शास्त्रज्ञ बोरेल्ली याने ते मांडले. एखाद्या प्राण्याची हुबेहूब पण मोठी प्रतिकृती केली, तर ती मूळ प्राण्यापेक्षा उंच उडी मारेल का? स्नायूचे बल त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे लांबीच्या वर्गावर अवलंबून असते. स्नायू जितका आकुंचन पावतो ते अंतर लांबीच्या प्रमाणात असते. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, ते झाले लांबीच्या घनाच्या प्रमाणात. पण जे वस्तुमान उचलायचे, तेही लांबीच्या घनाच्याच प्रमाणात वाढते. मोठेपणाने जे मिळाले ते वजनाने गेले. उडीची उंची तेवढीच!

मग वयात आलेला मुलगा खरोखरच उंच उडी का मारतो? याचे उत्तर असे की तो लहान मुलाची मोठी प्रतिकृती नसतो. त्याच्या शरीराची घडणच बदललेली असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या संदेशाने वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पूर्वीच्या कितीतरी पटींनी स्रवू लागते. त्यामुळे स्नायू जाड होतात आणि एकूण वजनात त्यांचा वाटा वाढतो. मज्जासंस्था अधिक स्नायुतंतू एकाच वेळी आणि झटपट कामाला लावू लागते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा अधिक ताठ होतात, त्यामुळे स्नायूचा जोर वाया न जाता जमिनीपर्यंत पोचतो. या साऱ्यामुळे दर किलो वजनामागे मिळणारी शक्ती वाढते, आणि उडी त्यावरच अवलंबून असते.

फुटबॉलमध्ये यात आणखी एक भर पडते. हवेत चेंडू गाठायचा तर डोके कुठपर्यंत पोचते याला महत्त्व असते, आणि ते ठरते उभी उंची अधिक उडी या बेरजेवर. दोघांची उडी सारखीच असली तरी १५ सेंटिमीटर उंच असलेला मुलगा १५ सेंटिमीटर वरचा चेंडू मारतो. त्यात त्याची उडीही मोठी असली, तर लहानखुऱ्या मुलाला त्या चेंडूपर्यंत पोचणे जवळपास अशक्य होते.

मुलींच्या बाबतीत थोडे वेगळे घडते. त्यांच्या शरीरात या काळात स्नायूंबरोबर चरबीचाही वाटा वाढतो. त्यामुळे झपाट्यानंतर त्यांची धाव आणि उडी मुलांइतक्या वेगाने सुधारत नाही, कधी कधी एका जागी थांबते. याचा अर्थ मुलींनी खेळ सोडावा असा मुळीच नाही. उलट याच वयात मुलींचे मैदानावर येणे कमी होते, आणि सरावाची खरी गरज तेव्हाच असते. उड्यांच्या आणि ताकदीच्या योग्य व्यायामाने त्यांची प्रगती चांगली होते.

फुटबॉलपटू मोजले तेव्हा

बेल्जियममध्ये गेंट येथील संशोधकांनी ३३ किशोर फुटबॉलपटूंची अनेक वर्षे मोजमापे घेतली आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. या मुलांच्या झपाट्याचे शिखर सरासरीने १३.८ व्या वर्षी आले आणि त्या वेळी ती वर्षाला ९.७ सेंटिमीटर वेगाने वाढत होती. धाव, उडी, चपळता यांतील सर्वाधिक सुधारणाही साधारण याच काळात झाली. ३० मीटर धावेत मात्र शिखराच्या सुमारे वर्षभर आधी काही काळ पीछेहाट दिसली. तुराटीच्या प्रयोगात आपण जे पाहिले, त्याच्याशी हे जुळते.

त्यापूर्वी २००४ साली पोर्तुगालमधील १३ ते १५ वर्षांच्या ६९ फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ही सर्व मुले वरच्या श्रेणीतील क्लबांची, नियमित सराव करणारी. तरीही ३० मीटर धावेत आणि उभ्या उडीत त्यांच्यात जो फरक दिसला, त्याचा जवळपास निम्मा भाग केवळ शरीराचे माप आणि वयात येण्याचा टप्पा यांवरून सांगता आला. शिक्षकांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी स्टॉपवॉचवर दिसणारी वेळ ही एका गोष्टीची मोजणी नसते. त्यात मुलाची क्षमता असते आणि त्याच्या शरीराच्या घड्याळात किती वाजले तेही असते. दोन्ही एकाच आकड्यात मिसळलेले असतात.

जन्मतारीख, १ जून आणि मनगटाचे हाड

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. ग्रामीण महाराष्ट्रात १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे गावोगाव भेटतात. शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसेल तर गुरुजी अंदाजाने वर्ष धरत आणि १ जून ही तारीख लिहीत. आता जन्मनोंदणी सुधारल्याने हे कमी झाले आहे. पण कागदावरचे वय आणि खरे वय यांत अंतर असू शकते, ही शंका खेळाच्या जगात अजून कायम आहे. एक-दीड वर्षाने मोठा मुलगा १४ वर्षांखालील गटात खेळला तर काय होते, हे वरील विवेचनावरून सहज लक्षात येईल.

यावर उपाय म्हणून हाडांचे वय पाहण्याची पद्धत आली. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात. हाड तेथे लांबीने वाढते. वाढ संपत आली की या पट्ट्यांचे हाड होऊन त्या जुळून जातात. मनगटाच्या एक्स-रेत हे टप्पे ओळखता येतात. भारतीय क्रिकेट मंडळ वयोगटांच्या स्पर्धांसाठी अशी तपासणी करते. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, फिफाने, २००९ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. त्यात क्ष-किरण वापरावे लागत नाहीत. २०१७ साली हीच स्पर्धा भारतात झाली आणि नवी मुंबई हे तिचे एक केंद्र होते.

पण एक गोष्ट विसरता कामा नये. हाडावरून शरीर किती पक्व झाले ते कळते. ते किती वर्षांपूर्वी जन्मले हे नेमके कळत नाही. लवकर वयात आलेल्या प्रामाणिक मुलाचे हाड त्याच्या वयापेक्षा मोठे दिसू शकते. उशिरा वयात येणाऱ्याचे लहान दिसते. त्यामुळे हाडाचे वय हा शेवटचा शब्द मानून कुणावर खोटेपणाचा शिक्का मारणे बरोबर नाही.

मागे राहिलेल्यांचे काय होते?

आता लेखातील खरा प्रश्न. तेराव्या वर्षी मागे पडलेला मुलगा कायमचा मागे राहतो का? बेल्जियममध्येच ल्युवेन येथे मुलांच्या वाढीचा एक दीर्घ अभ्यास झाला. त्यातील काही जणांना तिसाव्या वर्षी पुन्हा तपासले. किशोरवयात उभ्या उडीत पुढे असलेली, लवकर वयात आलेली मुले तिशीत पुढे नव्हती. उशिरा वयात आलेल्यांनी त्यांना गाठले होते, आणि उडीसारख्या स्फोटक जोराच्या चाचणीत तर मागे टाकले होते. म्हणजे लवकर मिळालेली आघाडी ही बरीचशी उसनी असते.

पण उशिरा वाढणाऱ्या मुलाला पुढे जायचे, तर तोवर तो मैदानावर टिकायला हवा. येथेच खरी हानी होते. तेराव्या वर्षी संघात घेतले नाही म्हणजे सामने नाहीत. सामने नाहीत म्हणजे सराव नाही. पुढे सोळाव्या वर्षी त्याचे शरीर तयार होते तेव्हा त्याने खेळ सोडून दोन वर्षे झालेली असतात. इंग्लंडचा जेमी वार्डी याला शेफील्ड वेन्सडे क्लबने सोळाव्या वर्षी लहानखुरा म्हणून वगळले. तो छोट्या क्लबांतून खेळत राहिला म्हणून २०१६ साली लेस्टर सिटी संघाबरोबर प्रीमियर लीग जिंकू शकला. त्याच्यासारखे किती जण खेळ सोडून गेले, याची नोंद कुठेही नसते.

आपल्या भागासाठी याला आणखी एक बाजू आहे. पोटाला पुरेसे आणि सकस न मिळणे, वारंवार आजारी पडणे यांमुळे वाढीचा झपाटा लांबतो. गरीब शेतमजुराच्या घरचा मुलगा आणि शहरातील सुस्थितीतील घरचा मुलगा यांची ३० मीटर धाव एकाच दिवशी घेतली, तर आपण त्यांचे पायच नव्हे, तर त्यांच्या ताटातले गेल्या दहा वर्षांचे अन्नही मोजत असतो. नागपुरात प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. खेळण्याची दारे उघडी ठेवली की कुठून कुठून खेळाडू पुढे येतात, हे त्या कामाने विदर्भाला दाखवले आहे.

दुसऱ्या टोकाच्या मुलाचेही नुकसान होते. लवकर वाढलेला मुलगा नुसत्या वेगाने चेंडू पळवतो, जोराने गोल करतो. त्याला चेंडू ताब्यात ठेवणे, पास देणे, जागा ओळखणे शिकण्याची गरजच पडत नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्याइतके होतात आणि त्याच्याजवळ दुसरे काही उरत नाही.

शाळेत काय करता येईल?

यासाठी एक्स-रे नको, महाग उपकरणे नकोत. मोजपट्टी, वजनकाटा आणि एक वही पुरे.

१. उंचीची वही. भिंतीवर मोजपट्टी पक्की लावावी. दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाची उंची अनवाणी, टाचा भिंतीला लावून मोजावी. दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधील चकत्या दबून उंची सेंटिमीटरभर कमी होते. म्हणून नेहमी सकाळीच मोजावी. समजा, जूनमध्ये १४६.०, सप्टेंबरमध्ये १४७.३, डिसेंबरमध्ये १४९.६ आणि मार्चमध्ये १५२.१ सेंटिमीटर भरले. तीन महिन्यांच्या वाढीला चारने गुणले की वार्षिक वेग मिळतो : ५.२, ९.२ आणि १०.०. या मुलाचा झपाटा सप्टेंबरनंतर सुरू झाला, हे वहीच सांगते.

२. शिखर किती दूर? यासाठी २०१५ साली कॅनडातील संशोधकांनी एक सोपे सूत्र दिले. मुलग्यांसाठी ०.००३६१२ × वय (वर्षे) × उंची (सेंमी) यातून ८ वजा करायचे. मुलींसाठी ०.००४२२३ × वय × उंची यातून ७.७१ वजा करायचे. उत्तर ऋण आले तर शिखर तितकी वर्षे पुढे आहे, धन आले तर मागे गेले. १३ वर्षांचा, १५० सेंमी उंचीचा मुलगा घेतला तर उत्तर येते सुमारे −०.९६, म्हणजे शिखर अजून वर्षभर लांब. त्याच वयाचा पण १३८ सेंमी उंचीचा मुलगा घेतला तर −१.५, म्हणजे दीड वर्ष. हे सूत्र परदेशी मुलांच्या मापांवरून काढले आहे, आणि बहुतेक मुलांत ते वर्षभर इकडेतिकडे जाऊ शकते. फार लवकर किंवा फार उशिरा वाढणाऱ्या मुलांना ते सरासरीकडे ओढते. म्हणून त्याला अंदाज समजावे, निकाल समजू नये. उंचीची वही त्याहून भरवशाची.

३. चाचणी नीट घ्यावी. हाताने चालवलेल्या स्टॉपवॉचमध्ये एक-दोन दशांश सेकंदाची चूक सहज होते. दोनदा धावायला लावून चांगली वेळ घ्यावी. उडीसाठी बोटांना खडू लावून भिंतीवर उभ्याने एक व उडी मारून एक खूण करावी आणि दोन खुणांमधील अंतर मोजावे. हवेतील वेळावरूनही उडी काढता येते; सूत्र आहे उंची = ग × वेळेचा वर्ग ÷ ८. पण ०.४५ सेकंदाला २५ सेंमी आणि ०.५० सेकंदाला ३१ सेंमी, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागाने सहा सेंटिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे स्टॉपवॉचपेक्षा खडू बरा.

४. मुलाची तुलना त्याच्याशीच करावी. धावेची वेळ उंचीच्या वहीतच, उंचीशेजारी लिहावी. झपाट्याच्या काळात वेळ वाढली तर रागावू नये.

५. सरावात गट बदलावेत. इंग्लंडमधील प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी अपेक्षित प्रौढ उंचीच्या ८५ ते ९० टक्के उंची गाठलेल्या ११ ते १४ वर्षांच्या मुलांची वेगळी स्पर्धा घेऊन पाहिली. लवकर वाढलेल्यांना डोके वापरावे लागले, उशिरा वाढणाऱ्यांना चेंडू मिळाला. आपल्या शाळेत आठवड्यातून एक दिवस इयत्तेऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार संघ पाडता येतील.

६. दुखणे ऐकावे. झपाट्यात गुडघ्याखालच्या उंचवट्यावर किंवा टाचेत दुखणे हे नाटक नसते. कंडरा जिथे हाडाला जोडलेल्या असतात, त्या मऊ भागावर ताण येतो. उन्हाळ्यात आपली काळी माती विटेसारखी टणक होते. तशा मैदानावर उड्या आणि वेगाची धाव कमी करावी, विश्रांती द्यावी आणि दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. वयात येणे ही मुलांची खाजगी बाब आहे. उंची एकेकट्याची मोजावी, वही सर्वांसमोर वाचू नये आणि कुणाला ‘लहान’ किंवा ‘उशिराचा’ असे नाव पाडू नये.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना यातून चांगला प्रकल्प करता येईल. एकाच जन्मवर्षाच्या वीस-पंचवीस मुलांची उंची आणि ३० मीटर धावेची वेळ घेऊन आलेखकागदावर बिंदू मांडावेत. पुढच्या वर्षी त्याच मुलांचे बिंदू वेगळ्या रंगात मांडावेत. कोण कुठून कुठे सरकला हे पाहताना जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र एकाच कागदावर भेटतील.

शेतकऱ्याला हे सारे नवीन वाटू नये. एकाच दिवशी पेरलेल्या कपाशीच्या ओळीत एक झाड आधी फुलावर येते, दुसरे पंधरा दिवसांनी. उशिरा फुललेले झाड म्हणून कुणी ते उपटून टाकत नाही. त्याला निंदण, पाणी, खत तसेच मिळते, कारण वेचणी एकदाच होत नाही हे त्याला ठाऊक असते. शाळेच्या संघात पंधरा-सोळा नावे बसतात, हे खरे. पण संघाची यादी आणि सरावाची यादी एकच असली पाहिजे असा नियम कुठेही नाही. संघात नाव न लागलेल्या लहानखुऱ्या मुलालाही उद्या संध्याकाळी मैदानावर बोलावले, तर त्या एका निर्णयाने स्टॉपवॉचची निम्मी चूक दुरुस्त होते.